सदाची शिफ्ट कोणती?

पत्र

बाई, सप्रेम नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, वय २३. आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, कामाला आहे. दीड वर्ष झालं, मोबाईलवरच एक कादंबरी लिहितो आणि एकेक प्रकरण नेटवर टाकतो. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी गेमची गोष्ट आहे. नायक सदा डोक्याला हेल्मेट लावून गेममध्ये शिरतो, तिथं आधी लोहार होतो, मग योद्धा. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री घरी जाऊन लिहितो. ६४ प्रकरणं झाली. सुरुवातीला वाचक होते, आता निम्मेसुद्धा उरले नाहीत. मित्र म्हणतो मराठीत कोण वाचतंय, हिंदीत लिही. वडील म्हणतात खूळ लागलंय. करंट जातो ते एकतिसावं प्रकरण सगळ्यांना रटाळ वाटलं, ते काढून टाकू काय? एका ॲपवाल्यांनी सगळे हक्क मागितलेत, ते पण सांगा. काय चांगलं, काय वाईट, स्पष्ट लिहा. नाव छापू नका.

उत्तर

बाळ,

तुझी चौसष्टच्या चौसष्ट प्रकरणं वाचली. चार दिवस लागले, शेजारी वही ठेवून टिपणं काढली. स्पष्ट लिहा म्हणालास, तर स्पष्टच लिहिते. पण आधी चांगलं सांगते, कारण तुझं काय बिघडलं ते त्या चांगल्यातूनच कळतं.

बारा ते सतरा ही तुझी लोहारकामाची प्रकरणं मी दोनदा वाचली. सदा गेममधल्या म्हाताऱ्या लोहाराकडं उमेदवारी करतो. पहिलं पातं लालभडक असतानाच थंड पाण्यात बुडवतो आणि 'टिंग' असा आवाज येऊन पात्याला चीर जाते. म्हातारा काही बोलत नाही, चीर गेलेलं पातं भिंतीला टांगून ठेवतो. दुसऱ्या वेळी सदा तेल वापरतो. मग पातं घासून चकचकीत करतो, पुन्हा हळूहळू तापवतो आणि रंगाकडं बघत बसतो. आधी गव्हाच्या काडासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण २२० अंशांना येतो आणि ३०० च्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबलं तर धार कडक राहते, निळ्यावर थांबलं तर पातं लवचिक होतं. तुझ्या गेमच्या पडद्यावर तापमान दिसत नाही, ते रंगावरूनच ओळखायचं, हा नियम तू घातलास. धारेला पाणी पाजणं म्हणजे काय, हे आपल्याकडं कोयता-विळा वापरणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे, पण ते इतक्या बारकाईनं लिहिलेलं मी मराठीत फारसं वाचलेलं नाही. हे तुला कुठल्या दुसऱ्या कादंबरीतून मिळालेलं नाही. कारखान्यात हार्डनिंगचे जॉब येताना-जाताना बघितलेस, त्यातून मिळालंय.

आणि त्या सहा प्रकरणांत खेळाच्या गोष्टीचं खरं बळ दिसतं. खेळ आला की नियम आले. नियम वाचकाला आधी सांगितलेले असतात. मग सदा भट्टीपुढं बसला की वाचकही मनात म्हणतो, थांब, अजून जांभळा झालेला नाही. आपल्याकडं मातीतल्या कुस्तीला गर्दी का लोटते सांग बघू? आनंदवाडीच्या आखाड्याला बसलेल्या म्हाताऱ्यांना डाव पाठ असतात. पैलवानानं पाय कुठं घातला यावरून घिस्सा येणार की एकलंगी, हे ते आधी ओळखतात. ओळखलेला डाव बसला तरी मजा आणि समोरच्यानं तो तोडला तर दुप्पट मजा. वाचक भट्टीपर्यंत तुझ्याबरोबर आला तो यासाठीच.

तेविसाव्या प्रकरणात तू काय केलंस ते आठव. सदा राक्षसाखाली दबलाय, हरणार हे दिसतंय आणि एकदम त्याच्या अंगात 'प्राचीन रक्त' जागं होतं. त्या रक्ताबद्दल आधी अवाक्षर नाही. पाठ मातीला लागलेल्या पैलवानाला पंचानं खिशातनं नवा नियम काढून विजयी करावं, तसं ते झालं. प्रेक्षक भांडत नाहीत, उठून घरी जातात. तुझे वाचक कमी कधी व्हायला लागले ते तारखा लावून बघ. माझी खात्री आहे की ते तेवीस ते तिसाच्या दरम्यान आहे. त्यानंतर सदा एकदाही खरा हरलेला नाही. प्रत्येक संकटाला एक नवी गुप्त शक्ती. भट्टीपुढं शिकलेली एकही गोष्ट त्याला पुढं उपयोगी पडत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. ते चिरलेलं पातं भिंतीला टांगलंयस, ते तू विसरलास काय? मी पानोपानी त्याची वाट बघत होते.

आता त्या आकडेवारीच्या चौकटीबद्दल. चाळिसाव्या प्रकरणात ती अकरा वेळा येते. ताकद ४७, चपळाई ३९, सहनशक्ती ५२, मग एक घाव, मग पुन्हा ताकद ४८. या प्रकारच्या कादंबऱ्यांत अशी चौकट असतेच, वाचकाला ती हवीही असते, म्हणून काढून टाक म्हणत नाही. पण तू रोज आठ तास आकड्यांच्या पडद्यासमोर उभा असतोस. मशीनवर आकडे सतत पळत असतात, तू प्रत्येक आकडा वाचतोस काय? जॉब मोजल्यावर माप दोन-तीन शतांशानं सरकलेलं दिसलं, इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजला असं वाटलं, ऑफसेट देऊन माप सावरायचं की टूल बदलायचं हे ठरवायची वेळ आली की मग वाचतोस. कादंबरीतही तेवढ्यापुरतीच चौकट उघड. तो आकडा बघून सदा काहीतरी वेगळं करणार असेल तर दाखव. नाहीतर घाव घालू दे आणि पुढं जा.

मधल्या फुगवट्याचंही सांगते. एकेचाळीस ते बावन्न अशी बारा प्रकरणं नुसती स्पर्धा चाललीय. असली लांबण तू परदेशी कादंबऱ्यांची भाषांतरं वाचून उचललीस. ती तिथं का आली ते समजून घे. चीनमधल्या मोठ्या संकेतस्थळांवर वाचकाकडून दर हजार अक्षरांमागे पैसे घ्यायची पद्धत २००३ पासून रुजली. लांबवलं तर लेखकाच्या घरी जास्त पैसे जातात, म्हणून तिथं हजार-हजार प्रकरणं होतात. तुला अक्षरामागे कोण पैसे देतंय? मग दुधात पाणी कशाला? हप्त्यानं वाचायची सवय मराठी वाचकाला नवी नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केलं तेव्हापासून आपली माणसं पुढच्या आठवड्याची वाट बघत आलीत. वाट बघायला तो तयार आहे, पण हप्त्यात काहीतरी घडलेलं हवं. त्या बारा प्रकरणांची तीन कर. गोकाकच्या खेळाडूबरोबरची लढत ठेव, बाकीच्या जाऊ देत.

आता हेल्मेटकडं येते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. गेल्या मे महिन्यात माझा भाचा पुण्याहून आला होता, त्याच्याजवळ तसला हेडसेट होता. मी खुर्चीत बसून डोक्याला लावला. त्यानं त्या उंच पाळण्यासारख्या गाडीत बसवलं. पहिला उतार आला आणि माझ्या हातांनी आपोआप खुर्ची घट्ट धरली. दहाव्या मिनिटाला पोटात ढवळायला लागलं, काढून ठेवला, लिंबू-पाणी प्याले, तासभर डोकं जड होतं. भाच्यानं कारण सांगितलं ते मला पटलं. डोळे सांगतात खाली चाललीस, आणि कानाच्या आत तोल सांभाळणारा जो अवयव असतो तो सांगतो जागची हललेली नाहीस. दोघांचं जमत नाही आणि पोट बिघडतं. चोर्ला घाटात बसमध्ये मान खाली घालून मोबाईल बघणाऱ्यांना उलटी होते ती याच भांडणामुळं, फक्त उलट बाजूनं. तिथं कानाला वळणं कळतात आणि डोळ्यांना कळत नाहीत.

तुझ्या हेल्मेटमध्ये यातलं काहीच नाही. ते थेट मेंदूशी बोलतं म्हणून लिहिलंस. ठीक आहे. आजचे हेडसेट डोळ्यांना आणि कानांना फसवतात, हातातली कंट्रोलरं थोडी थरथरतात, त्यापलीकडं स्पर्श-चव-वेदना थेट मेंदूत घालणारं हेल्मेट अजून कुणाला जमलेलं नाही. पण एक अशक्य गोष्ट गृहीत धरायचा लेखकाला हक्क आहे. वाचक ती पहिल्या पानावर मान्य करतो. अट एकच, त्या वस्तूला मर्यादा पाहिजे. १९६२ साली अमेरिकेत मॉर्टन हायलिग यांनी एक पेटी केली होती, तिच्यात डोकं घालून बसलं की चित्र दिसायचं, वारा लागायचा, आसन हादरायचं, वासही यायचा. पण माणूस त्या पेटीपुढं खिळलेला. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्याला लावायचं यंत्र केलं, तर ते छताला टांगावं लागलं. आताचे हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास भरतात आणि बॅटरी दोन-तीन तास चालते. प्रत्येक यंत्राला वजन आहे, दोर आहे, संपणारी बॅटरी आहे. तुझ्या पाचव्या प्रकरणात सदा चौदा तास आत राहतो आणि ताजातवाना उठतो. तहान नाही, लघवी नाही, मानेला रग नाही, पावसाळ्यात काचेवर बाष्प नाही. तुझ्या हेल्मेटची बॅटरी किती तासांची? गरम कुठं होतं? किल्ल्याच्या तटावर उभं असताना बाहेर पाय बधिर झाला तर आत काय जाणवतं? हे एकदा वहीत लिहून काढ. त्यातली निम्मी संकटं तुला राक्षसाशिवाय मिळतील.

आणि आता मुख्य गोष्ट. त्यासाठीच हे पत्र इतकं लांबलं.

सदा राहतो कुठं? पहिल्या प्रकरणात 'शहरातल्या एका फ्लॅटमध्ये एकटा'. आईवडील परदेशात. नोकरी नाही, कॉलेज नाही, पैशाची ददात नाही. वेळच वेळ. हा मुलगा तुझा नाही, उसना आणलेला आहे. जपानमध्ये २००२ च्या सुमारास नेटवर अशा गोष्टी सुरू झाल्या, कोरियातही त्याच दशकात आल्या. त्या लिहिणाऱ्यांनी आपापल्या गल्लीतलं लिहिलं. कोरियात नव्वदीच्या अखेरीपासून गल्लोगल्ली गेम खेळायची दुकानं झाली होती, गेममधल्या वस्तू खऱ्या पैशाला विकल्या जायच्या, म्हणून तिथल्या गोष्टीतला गरीब पोरगा गेम खेळून घर चालवतो ते खरं वाटतं. ते त्यांचं होतं. तू त्यांचा पोरगा उचललास आणि त्यांची गल्ली तिथंच राहिली. त्यामुळं तुझ्या सदाला पत्ताच नाही.

पण एका प्रकरणात त्याला पत्ता मिळाला, तुझ्याही नकळत. तेच तुझं एकतिसावं.

मी ते पुन्हा सांगते, कारण तू काय लिहून बसलास हे तुला कळलेलं दिसत नाही. किल्ल्याचा दरवाजा सदानं ढालीनं रोखून धरलाय. मागे तिघे मित्र जखमी. आणखी दहा मिनिटं रेटली की मदत येणार. आणि करंट जातो. एकदम काळोख. आधी सदाला वाटतं आपण मेलो. मग कौलांवर पाऊस ऐकू येतो. मग आईचा आवाज, 'सद्या, बॅटरी कुठं ठेवलीस रे?' तो हेल्मेट न काढता तसाच बसतो, कारण काढलं तर आपण बाहेर आलो हे मान्य करावं लागेल. आई चिमणी लावते, रॉकेलचा वास हेल्मेटच्या आत येतो. चाळीस मिनिटांनी करंट येतो. सदा आत जातो तर दरवाजा मोडलेला, तिघेही गेलेले, आणि कुणी त्याच्याशी बोलत नाही.

बाळ, फ्लॅटवर कौलं कुठून आली? परदेशातली आई चिमणी लावायला कधी आली? तुझं घर तुझ्या गोष्टीत घुसलं. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस घुसला. पावसात तारेवर फांदी पडली की रात्र-रात्र अंधारात बसणारं गाव घुसलं. चौसष्ट प्रकरणांत मी एकाच ठिकाणी वाचायची थांबले आणि खिडकीबाहेर बघत बसले, ते हे ठिकाण. इथं राक्षस नाही, गुप्त रक्त नाही. पण बाहेर एक तार तुटते आणि आत तीन माणसं मरतात. आतलं आणि बाहेरचं एकाच दोरीला बांधलेलं आहे, हे इथं पहिल्यांदा आणि एकदाच कळतं. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या गोष्टीला दुसरं कुठलं मोठं बळ असू शकतं, असं मला वाटत नाही. आतल्या घावाची किंमत बाहेर कुणीतरी मोजली पाहिजे, बाहेरच्या अडचणीची आत.

मग वाचकांना ते रटाळ का वाटलं? दोष एकतिसाव्यात नाही, बत्तिसाव्यात आहे. बत्तिसाव्याच्या दुसऱ्याच परिच्छेदात गेमकडून 'भरपाई' मिळते, तिघे मित्र जिवंत होतात, हसत सदाच्या पाठीवर थाप मारतात. झालं! वाचकानं जे सोसलं ते फुकट गेलं. मागे वळून बघताना त्याला एकतिसावं वाया गेलेलं दिसणारच. एकतिसाव्याला हात लावू नकोस. बत्तिसावं फाडून टाक. ते तिघे परत न येता गोष्ट पुढं ने. त्यातला एक जण कित्येक महिने खपून तिथवर पोचला होता, त्याला शून्यापासून सुरू करावं लागू दे. तो खेळ सोडून देतो असंही दाखवता येईल. सदानं त्याला बाहेर शोधायला जावं, एसटी पकडून, नुसत्या गावाच्या नावावर.

सदाला शिफ्ट दे, हे मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. तू स्वतः शिफ्टवर आहेस आणि नायकाला चोवीस तास मोकळा ठेवलास, याचं मला नवल वाटतं. विचार कर. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड. सेकंडचा आठवडा आला की मित्र संध्याकाळी मोहिमेवर निघतात तेव्हा सदा मशीनवर उभा असतो. रात्री उशिरा घरी येतो, हेल्मेट लावतो, तर आत सामसूम, लढाई झालेली, लूट वाटून झालेली. तो एकटाच रात्री त्या ओसाड किल्ल्यात भट्टी पेटवतो. म्हणूनच तो लोहार झाला! इतरांना रात्री झोप असते, याला रात्रीच वेळ मिळतो, आणि रात्री एकट्यानं करण्यासारखं काम भट्टीचं. तुझ्या पहिल्या सतरा प्रकरणांना आपोआप कारण मिळालं बघ. सहकारी रजेवर गेला, ओव्हरटाईम लागला आणि त्याच रात्री दरवाजावर त्याची गरज होती. ओव्हरटाईम नाकारला तर पगारातून हेल्मेटचा हप्ता कसा जाणार? गेममधली लेव्हल गेली तर परत मिळवता येते. झोपेचे दोन तास परत मिळत नाहीत. तुझ्यासारख्या पोराच्या हातात दिवसाचे तेच दोन तास असतात. ते दोन तास पणाला लागले तर राक्षस कितीही छोटा असू दे, वाचक श्वास धरून बसेल.

रेणूचंही हेच. ती जखमा बऱ्या करते, सदा पडला की येते, बरा झाला की दिसेनाशी होते. औषधाच्या बाटलीला नाव दिल्यासारखं वाटतं. ती बाहेर कोण आहे? तिला आत यायला रात्री अकराच का वाजतात? घरात तिनं हेल्मेट कुठं लपवलंय? मला वाटतं तुला हे माहीत आहे, तू लिहायला लाजलास. अठ्ठाविसाव्यात ती एकदा म्हणते, 'भाकऱ्या व्हायच्यात अजून, जाते.' तेवढं एकच वाक्य, पण तेवढ्यानं ती उठून बसली.

भाषेबद्दल लिहायला मला संकोच वाटत नाही, आयुष्य त्यातच गेलं. एकोणिसावं प्रकरण सुरेख आहे. गुहेत शिरल्यावर गेमचा भाषांतर करणारा आवाज बंद पडतो आणि पाच जणांना आपापल्या तोंडानं बोलावं लागतं. गोकाकचा पोरगा ओरडतो, 'निल्लु रे, पुढं खड्डा आहे!' अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आणि पाचही जण थांबतात. आपण खडेबाजारात असंच बोलतो. भाजीवालीशी मराठी, बसमध्ये कंडक्टरशी कन्नड, गॅरेजमध्ये हिंदी-उर्दू, आणि समोर कोण आलं त्यावरून मधेच वळण. या भागाबद्दल मोठमोठी भाषणं ऐकत मी म्हातारी झाले, पण पाच पोरं अंधारात एकमेकांना खड्ड्यातून वाचवताना कुठली भाषा बोलतात हे तू लिहिलंस. पंचविसाव्यापासून मात्र तीच पाच पोरं बातम्या वाचणाऱ्यासारखी बोलायला लागली. त्यांना त्यांचं बोलणं परत दे. सदाची आई 'काय करूलालास?' असंच विचारेल.

आणि इंग्रजी शब्द. हेल्मेट, लेव्हल, लॉग आउट, करंट हे आपलेच झाले, राहू देत, त्यांना ओढूनताणून मराठी कपडे घालू नकोस. पण घावाचं वाक्य असं लिहिलंयस: 'सदाने तलवारीला स्विंग केले आणि मॉन्स्टरला क्रिटिकल डॅमेज डील झाले.' यात घाव कुठं बसला ते मला दिसलंच नाही. 'सदानं तलवार फिरवली. घाव मानेत बसला, मूठ मनगटापर्यंत झिणझिणली.' असं लिहून बघ. वस्तूंची नावं कुठलीही असू देत, क्रियापद मराठी पाहिजे. हाडा-मांसाचं सगळं क्रियापदात असतं.

मित्र म्हणतो हिंदीत लिही. हिंदीत वाचक जास्त आहेत, ते खरं. पण 'भाकऱ्या व्हायच्यात अजून' हे तू हिंदीत कसं लिहिणार? तुझ्याजवळ जे भारी आहे ते सगळं या बोलीत, या पावसात आहे. ते सोडलंस तर उरेल ते प्राचीन रक्त आणि बारा प्रकरणांची स्पर्धा, आणि तसलं लिहिणारे हिंदीत ढिगानं आहेत. इथं मराठी घरात आणि गल्लीत जगते, पोरं दुसऱ्या माध्यमात शिकून पुढं जातात. अशात एक पोरगा शिफ्ट करून रात्री मोबाईलवर अंगठ्यानं चौसष्ट प्रकरणं मराठीत लिहितो. याचं मोल मला विचार. तू लिहायचं थांबू नयेस असं मला मनापासून वाटतं.

ॲपच्या कागदाबद्दल थोडक्यात. लिहिलंस त्या क्षणी हक्क तुझा झाला, नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, आणि त्यात कुठलं साहित्य, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती हे लिहिलेलं असावं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. 'सगळे हक्क, कायमचे' असा शब्द दिसला तर सही करू नकोस. ऑनलाइन प्रसिद्धीचा हक्क ठरावीक मुदतीसाठी दे, पुस्तकाचा, ऑडिओचा आणि भाषांतराचा स्वतःकडं ठेव. करार इंग्रजीत असेल तर वकिलाकडून वाचून घे, एका सल्ल्याची फी गेली तरी चालेल.

वडिलांना कादंबरी वाचा म्हणू नकोस. एका रविवारी त्यांना बारावं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखव, पात्याला चीर जाते तिथपर्यंत. शेतकरी माणूस, कोयत्याला पाणी कसं पाजतात हे त्यांनी तुझ्या आधी बघितलेलं असणार. तुझी चूक काढतील. काढू देत, ती वहीत लिहून घे. आणि हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनीकडं साहित्य संमेलनं भरतात तेव्हा कथाकथनात एकतिसावं वाच. फ्लॅट काढून टाकून वाच. समोर बसलेल्यांत असा एकही नसेल की ज्याच्या घरचा करंट ऐन वेळी गेलेला नाही.

पासष्टावं टाकायची घाई करू नकोस. आधी बत्तिसावं नव्यानं लिही, मग तेविसाव्यातलं रक्त काढून तिथं ते चिरलेलं पातं आण. ते त्याला कसं उपयोगी पडेल ते मी सांगणार नाही, लोखंड तुझं आहे. पण पहिली ओळ लिहिण्याआधी सदा या आठवड्यात कुठल्या शिफ्टला आहे ते ठरव, आणि मला कळव.

तुझी,
बाई